झाडं मोजून झाली असतील तर फाटकाकडे बघू

शहरातल्या झाडांवरून वाद पेटला की तो हमखास दोनच रुळांवरून धावतो. २०१९ साली आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडं तोडली गेली तेव्हा हेच झालं. पुण्यात वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढायची भाषा सुरू झाली तेव्हाही हेच, आणि नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं हटवायची म्हटल्यावरही हेच. एक बाजू म्हणते, ही शहराची फुप्फुसं आहेत, ऑक्सिजन कुठून आणणार? दुसरी म्हणते, एकाच्या बदल्यात दहा लावतो, मग तर झालं? आता महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या नियोजित ‘सेंट्रल पार्क’चीही चर्चा घोडे, एकर आणि भाडेपट्टा यांतच गुंतून पडली आहे. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारतच नाही: त्या जागेत रोज पाय ठेवणार कोण?

माझं म्हणणं सरळ आहे. शहरातल्या हिरव्या जागेचं मोल तिथल्या झाडांच्या संख्येवरून ठरत नाही. तिथे कोण, किती वेळा आणि किती सहज जाऊ शकतो यावरून ते ठरतं. घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर, फुकट, दुपारीही उघडी, बसायला सावली असलेली जागा प्रत्येक वस्तीत असणं हे नळाच्या पाण्याइतकंच नागरी काम आहे. ते झालं नाही, तर शहराच्या एका टोकाला तीनशे एकरांची बाग उभी राहूनही बहुतेकांच्या प्रकृतीत काडीचा फरक पडणार नाही.

आधी आपल्याच, म्हणजे झाडं वाचवा म्हणणाऱ्या बाजूच्या एका लंगड्या युक्तिवादाचा निकाल लावू. ऑक्सिजन. बोरिवलीच्या जंगलात उभे राहा नाहीतर कुर्ल्याच्या सिग्नलला, हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्केच असतो. फरक असतो तो धुळीत, धुरात, उन्हाच्या तलखीत आणि कानठळ्यांत. ऑक्सिजनचा मुद्दा पुढे केला की समोरचा माणूस सहज म्हणतो, ‘ठीक आहे, तेवढी झाडं ठाण्यापलीकडे लावतो, हवा काय, सगळीकडे फिरतेच.’ आणि या बोलण्याला आपल्याकडे उत्तर नसतं, कारण हिशेब झाडांचा करायचा हे आपणच मान्य करून बसलेलो असतो. कायदासुद्धा हाच हिशेब करतो. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वेगळा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची असं ठरलं. हेतू चांगलाच होता. पण शाळेसमोरचा ऐंशी वर्षांचा पिंपळ पाडून कुठल्याशा माळावर ऐंशी रोपं लावली, तर शाळेसमोर रिक्षा लावून डबा खाणाऱ्या माणसाला काय मिळालं? सावलीची बदली करता येत नाही.

मग हिरवाईनं माणसाला बरं वाटतं हे खरं कशावरून? या बाबतीत १९८४ चा रॉजर उलरिक यांचा अभ्यास सगळेच सांगतात. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास देखणा आहे, पण रुग्ण होते अवघे ४६. शिवाय शंकेखोर माणूस विचारतो तेही रास्तच आहे: बागेशेजारी राहणारे लोक निरोगी असतात ते बागेमुळे की बागेशेजारी घर घेण्याइतका पैसा गाठीला असतो म्हणून? या शंकेला माझ्या मते सगळ्यात चोख उत्तर दिलं ते फिलाडेल्फियानं. तिथल्या ५४१ ओसाड भूखंडांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटणी केली. एका गटातल्या जागांवरचा कचरा उचलून, जमीन सपाट करून गवत आणि थोडी झाडं लावली. दुसऱ्या गटात नुसती सफाई केली. तिसऱ्याला हातच लावला नाही. आसपासच्या रहिवाशांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हिरव्या केलेल्या जागांच्या आसपास उदास वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं होतं आणि गरीब वस्त्यांत ही घट आणखी मोठी होती. नुसत्या सफाईनं म्हणावा असा फरक पडला नाही.

या प्रयोगातला एक बारकावा मला आकड्यांहून मोलाचा वाटतो. या भूखंडांना कुंपण घातलं होतं, पण लाकडाचं, बुटकं आणि मुद्दाम फटी ठेवलेलं. गाडी आत घालता येऊ नये आणि माणसाला मात्र विनासायास जाता यावं, एवढंच त्याचं काम. ना तिकीटघर, ना कारंजं, ना प्लॅस्टरचं हरीण. आपल्याकडे एखाद्या भूखंडाचं ‘सुशोभीकरण’ म्हणजे आधी भिंत, मग पेव्हर ब्लॉक, मग नगरसेवकाच्या नावाची कमान आणि शेवटी पैसे उरले तर झाड.

बागेचा संबंध प्रकृतीशी आहे हे काही नवं शास्त्रही नाही. लंडनच्या ईस्ट एंडमधला व्हिक्टोरिया पार्क १८४५ साली लोकांसाठी खुला झाला तो कुणाला फुलं आवडतात म्हणून नव्हे. विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञानं तिथल्या गोरगरिबांचे मृत्युदर मांडून बाग केली तर माणसं कमी मरतील असं लिहिलं, आणि १८४० साली तीस हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज राणीकडे गेला. मुंबईला हा धडा प्लेगनं शिकवला. १८९६ ची साथ दाटीवाटीच्या, कोंदट चाळींतून फिरली. दोनच वर्षांत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रुंद रस्ते, घरांमध्ये अंतर आणि मधे मोकळी मैदानं अशी दादर-माटुंग्याची जी आखणी झाली ती त्यातूनच. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ साली खुलं झालं, ते याच आखणीतलं. मुंबईतल्या मराठी माणसाचं जे सर्वांत लाडकं मैदान, त्याचा उगम असा महामारीत आहे.

आणि आज? मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचं नेहमी सांगितलं जातं. एक सतरंजी पसरली की संपली. पण मला या सरासरीचाच राग येतो. सरासरी काढली की ओव्हल, आझाद, क्रॉस मैदान अशी सलग हिरवळ लाभलेला दक्षिण मुंबईचा पट्टा आणि गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग एकाच आकड्यात झाकले जातात. हा एम-पूर्व म्हणजे ज्याच्या हद्दीत १९२७ पासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे आणि जो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या विभागांत तळाला होता. रेसकोर्सच्या २११ एकरांतली १२० एकर आणि सागरी किनारा मार्गालगतच्या भरावाची जमीन मिळून सेंट्रल पार्क होणार आहे. होऊ दे, चांगलंच आहे. पण गोवंडीतल्या शिवाजीनगरच्या बाईनं पोराला घेऊन तिथे जायचं तर गोवंडीहून हार्बरनं कुर्ला, तिथून मध्य रेल्वेनं दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेनं महालक्ष्मी. वर्षातून एकदा, मे महिन्यात पाहुणे आले तर जाईल बिचारी. प्रकृतीवर परिणाम होतो तो रोजच्या अर्ध्या तासाचा. सहलीचा नव्हे.

आता विरोधी बाजूचं म्हणणं, आणि ते फुसकं अजिबात नाही. पहिला आक्षेप जमिनीचा. ज्या शहरात निम्म्याच्या आसपास लोक झोपडपट्टीत राहतात तिथे मोकळ्या जागेची चैन परवडते का? आधी डोक्यावर छप्पर, मग बाग. शिवाय दाट वस्तीचं शहर आणि मेट्रो हेही पर्यावरणाच्याच फायद्याचं. बागांसाठी शहर पसरवलं तर सगळे गाड्या घेऊन धावतील. यातला मेट्रोचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. घरांचा मुद्दाही मान्य केला असता, जर मोकळी ठेवायची जमीन गेली ती घरांना गेली असती तर. गिरणगावात काय झालं ते आठवा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडाही मांडला. मग २००१ साली नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर जिच्यावर आधीपासून काही बांधलेलं नाही तेवढ्याच जमिनीची करायची. गिरणीत मोकळी जमीन असते कितीशी? उच्च न्यायालयात हा बदल टिकला नाही, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो ग्राह्य धरला. बाग गेली आणि तिच्यासोबत कामगारांची घरंही गेली. उभे राहिले ते मॉल आणि मनोरे. तेव्हा ‘बाग की घर’ असा सवाल कुणी टाकला की मला आधी विचारावंसं वाटतं, मागच्या खेपेला बाग सोडली तेव्हा घर कुणाला मिळालं?

आणि नुसतं छप्पर दिलं की भागत नाही, हे गोवंडी-मानखुर्दच्याच पुनर्वसन वसाहतींनी दाखवून दिलं. इमारतीला इमारत इतकी चिकटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथे झालेल्या पाहणीत अपुरा उजेड, कोंडलेली हवा आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. प्लेगनंतर आपल्या पणजोबांच्या पिढीला कळलेली गोष्ट आपण नियमांत सूट देऊन विसरलो. घरं बांधताना मधली जागा सोडणं ही चैन असेल, तर जिन्यात कठडा लावणं हीसुद्धा चैनच म्हणायची.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. हिरवाईचं प्रेम हे सुखवस्तूंचं प्रेम, आणि त्याची किंमत गरिबांनी मोजायची. हे निव्वळ टोमणे नाहीत, इतिहास आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्यांविरुद्ध पर्यावरणवाद्यांनीच न्यायालयात धाव घेतली आणि १९९७ च्या आदेशानंतर हजारो कुटुंबांच्या घरांवर बुलडोझर फिरले. जंगल राखायला हवं होतं हे खरं. पण ज्यांची घरं गेली त्यांच्या पोरांसाठी जवळपास एखादं मैदान राखावं असं तेव्हा कुणाला सुचलं नाही. त्याहून भयंकर प्रकार दिल्लीच्या अशोक विहारमधला. १९९५ च्या जानेवारीत, बंगलेवाल्यांची वसाहत आणि झोपडपट्टी यांच्या मधल्या बागेत शौचाला बसला म्हणून एका अठरा वर्षांच्या मुलाला रहिवासी आणि पोलिसांनी मिळून मारलं. तो मेला. झोपडपट्टीतले लोक संतापून उसळले, तर पोलिसांच्या गोळीबारात आणखी चौघे गेले. एकाला ती जागा म्हणजे सकाळच्या फेरफटक्याची हिरवळ आणि दुसऱ्याला संडास नसल्यामुळे उरलेला एकमेव आडोसा. ‘बाग वाचवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं ही हकिगत वाचलेली असावी असं मला वाटतं.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? हिरवाई ही श्रीमंतांची हौस, म्हणून गरिबांना तिच्यावाचून चालेल? उलटच आहे. ज्याच्या घरात खोल्या आहेत, गच्ची आहे, सोसायटीच्या आवारात गवत आहे, त्याचं बागेवाचून अडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांचं बिऱ्हाड, त्यातल्या दहावीच्या मुलीला अभ्यासाला, म्हाताऱ्याला पाय मोकळे करायला आणि नवराबायकोला चार शब्द बोलायला दुसरी जागा कुठे आहे? गरिबांनी मैदानासाठी भांडू नये, हे तर आपल्याकडे इंग्रजांचं मत होतं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी, हिंदू, मुसलमान पोरं क्रिकेट खेळत आणि आठवड्यातून थोडे दिवस गोरे साहेब तिथेच पोलो. घोड्यांच्या टापांनी मैदानाची चाळण व्हायची. खुद्द गोऱ्यांच्या जिमखान्याची क्रिकेटची हिरवळ मात्र शाबूत, तिथे घोडा नेण्याची बात नाही. देशी खेळाडूंनी १८८१ साली अर्ज केला, पोलो दुसरीकडे हलवा. खेळणारे शेकडो, घोडेस्वार मूठभर, तरी सरकारनं एकदा दिलेला दिलासा पुढच्याच वर्षी काढून घेतला. आजच्या महालक्ष्मीच्या वादात घोडे पुन्हा आहेतच, पण मुद्दा तेव्हाही घोड्यांचा नव्हता. सार्वजनिक जमिनीवर मोजक्यांची मौज आधी की पुष्कळांची गरज आधी, एवढाच होता.

तिसरा आक्षेप चौकीदार घालतात, आणि रोजच्या अनुभवावरून घालतात. जागा उघडी ठेवली की तिथे पत्ते कुटणारे येतात, दारुडे येतात, टपऱ्या लागतात, बायका यायच्या बंद होतात. म्हणून भिंत, म्हणून वेळा, म्हणून तिकीट. यात तथ्य आहे. दक्षिण मुंबईतलं ओव्हल मैदान नव्वदच्या दशकात उकिरड्यासारखं झालं होतं आणि आसपासच्या रहिवाशांनी कोर्टाची पायरी चढून, खिशातले पैसे घालून ते पुन्हा उभं केलं; त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ‘दत्तक’ या गोंडस नावाखाली मुंबईतल्या कित्येक मोकळ्या जागा सांभाळायला दिल्या, आणि काही ठिकाणी पाच-दहा वर्षांत तिथे सभासदांचा क्लब, जलतरण तलाव आणि लग्नाचा हॉल उगवला. २०१६ साली या धोरणावर इतकी ओरड झाली की मुख्यमंत्र्यांना ते रोखून भूखंड परत घ्यायला सांगावं लागलं. सांभाळणारा हळूहळू मालक होतो, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

महापालिकेच्या एखाद्या बागेच्या दारावरची पाटी एकदा नीट वाचा. हिरवळीवर चालू नये. चेंडू खेळण्यास सक्त मनाई. सायकल आणू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. झाडाखाली झोपू नये. खाली वेळ: सकाळी सहा ते अकरा, संध्याकाळी चार ते साडेआठ. म्हणजे चैत्र-वैशाखात ऊन जेव्हा टाळू भाजतं, सावलीची खरी गरज जेव्हा असते, नेमकी तेव्हा बाग कुलपात. बाहेरच्या फुटपाथवर कुरिअरवाला, कडियाकाम करणारा आणि रात्रपाळी उरकलेला वॉचमन भिंतीच्या वीतभर सावलीला पाठ टेकून बसलेले. ही बाग कुणासाठी आहे, हे पाटी लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं. जॉगिंगचे बूट असलेल्यांसाठी.

कागदावर सार्वजनिक आणि प्रत्यक्षात बंद, यातलं अंतर महाराष्ट्राला तरी समजावून सांगायला नको. सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनं तसा ठरावही केला. तरी चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरता येईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह तिथे जाऊन ओंजळ भरली. जातीचा तो दाह आणि बागेचं तिकीट यांची बरोबरी मी करत नाही, करूही नये. पण सार्वजनिक जागा ठरावानं सार्वजनिक होत नाही, वापरानं होते, हे तिथेच शिकावं. शिवाजी पार्कला भिंत नाही, भोवती कट्टा आहे. बसता येतो, ओलांडताही येतो. म्हणून तिथे आचरेकर सरांच्या नेटमधली पोरं घडली, निवृत्त मंडळींचे अड्डे जमले, दसऱ्याच्या सभा झाल्या, आणि ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून चैत्यभूमीवर आलेली लाखो माणसं त्याच मैदानात मुक्काम करतात. दरवर्षी त्या दिवसांत ‘किती घाण होते’ म्हणून नाक मुरडणारेही असतातच. त्या मैदानाला धुळीचा त्रास आहे, आवाजाचा आहे, हेही खरं. तरीही दारुडे येतील म्हणून तिथे भिंत घाला असं म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे इतकी माणसं असतात की राखणदार वेगळा लागत नाही. ओसाड पडलेली जागाच धोक्याची असते. कुलूप लावून आपण ती अधिकच ओसाड करतो.

मग नवी जमीन आणायची कुठून, असं विचाराल तर सुरुवात नव्या जमिनीपासून करायचीच नाही. बागांची दुपारची कुलपं काढायला भूसंपादन लागत नाही. महापालिकेच्या शाळांची पटांगणं संध्याकाळी साडेपाचनंतर आणि रविवारी बंद असतात, बाहेर पोरं गटाराच्या झाकणावर स्टंप आखून खेळत असतात. ती पटांगणं उघडायला एक माणूस, दोन दिवे आणि मुख्याध्यापकांच्या डोक्याला ताप होणार नाही अशी जबाबदारीची लेखी वाटणी एवढंच लागतं. दुसरं, विकास आराखड्यात बाग किंवा मैदान म्हणून आरक्षण पडलेला आपल्या प्रभागातला प्रत्येक भूखंड आज कुणाच्या ताब्यात आहे, त्यावर काय उभं आहे, याची यादी प्रभाग कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावायला सांगा. माहितीच्या अधिकारात अर्ज करायची वेळ येता कामा नये. सेंट्रल पार्कच्या खर्चाला मंजुरी मागणाऱ्यांना त्याच बैठकीत विचारा, की एम-पूर्वला या वर्षी किती मैदानं उघडताय, आणि त्यांच्या वेळा काय.